गाथा आणि कथा : पालि परंपरेतील स्मरणाचा प्रश्न

कथेच्या रूपाने सांगितलेली गोष्ट लवकर समजते व दीर्घकाळ लक्षात राहते, असे सर्रास म्हटले जाते. शाळेतील शिक्षक असे म्हणतात, आणि आपल्या विहारांतील धम्मवर्गांत शिकविणारे कार्यकर्तेही याच समजुतीने मुलांना जातककथा सांगतात. या समजुतीत तथ्य किती, हे ठरविण्यासाठी एक जुना व अनुभवी साक्षीदार उपलब्ध आहे. पण त्याला सहसा कोणी विचारीत नाही. हा साक्षीदार म्हणजे भाणक.

परंपरेनुसार तिपिटक लेखनिविष्ट झाले ते सिंहलद्वीपात, वट्टगामणी अभय राजाच्या काळी, म्हणजे इ.स.पू. पहिल्या शतकात. तथागतांच्या महापरिनिब्बानापासून तोपर्यंत लोटलेली शतके, कालगणनेची कोणतीही पद्धती स्वीकारली तरी, तीनांहून कमी भरत नाहीत. या सर्व काळात बुद्धवचन जिवंत राहिले ते केवळ मुखपाठाने. दीघनिकाय पाठ करणारे दीघभाणक, मज्झिमनिकायाचे मज्झिमभाणक, अशी त्यांची विभागणी होती; 'मिलिन्दपञ्ह' या ग्रंथात त्यांच्या जोडीला जातकभाणकांचाही निर्देश येतो. ही मंडळी काही दूरदेशीची नव्हेत. कार्ले येथील चैत्यगृहाच्या एका स्तंभावरील लेखात धम्मुत्तरीय निकायाचा भाणक सातिमित याच्या दानाची नोंद असून तो सोपारकचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याचा, रहिवासी होता. स्मरण हेच ज्यांचे जीवितकार्य होते, त्यांनी कथेचा उपयोग कसा केला, हे पाहिले पाहिजे.

प्रथम जातकाचीच रचना घेऊ. पालि जातकसंग्रहात ५४७ जातके आहेत. प्रत्येकात वर्तमानातील प्रसंग (पच्चुप्पन्नवत्थु), भूतकाळाची कथा (अतीतवत्थु), गाथा, गाथेचे शब्दशः स्पष्टीकरण आणि शेवटी तेव्हाचा अमुक तो आताचा तमुक अशी सांगड घालणारे समोधान, असे पाच भाग असतात. यांपैकी खुद्दकनिकायात, म्हणजे बुद्धवचनात, समाविष्ट आहेत त्या केवळ गाथा. कुणाल जातकासारखा अपवाद वगळता सर्व गद्य कथाभाग हा अट्ठकथेचा आहे. डेन्मार्कचे पंडित फाउसबोल यांनी १८७७ ते १८९६ या काळात सहा खंडांत जे जातक प्रसिद्ध केले आणि जे आपण सारे वाचतो, ते वस्तुतः अट्ठकथेसहित जातक आहे.

त्याहून बोलका आहे तो या संग्रहाचा क्रम. जातके विषयवार लावलेली नाहीत. दानाच्या कथा एकीकडे, मैत्रीच्या दुसरीकडे, असे नाही. ती लावली आहेत गाथांच्या संख्येनुसार. एक गाथा असलेली १५० जातके एककनिपातात, दोन गाथांची दुकनिपातात, अशा चढत्या क्रमाने बावीस निपात आहेत आणि शेवटी महानिपातातील दहा प्रदीर्घ जातके येतात. वाचकाच्या दृष्टीने हा क्रम निरर्थक आहे. पाठ करणाऱ्याच्या दृष्टीने मात्र तो अत्यंत सोयीचा आहे. अक्षरशः पाठ करावयाची होती ती गाथा. तिला छंदाचा आधार होता. छंद मोडला की चूक कानाला लगेच कळते. सुत्तांतील गद्य टिकविण्यासाठी संख्या, पुनरुक्ती आणि समूहपठन ही साधने होती. चार सत्ये, आठ अंगे, बारा निदाने ही मोजणी आणि एकच परिच्छेद जसाच्या तसा पुन्हा पुन्हा येणे, हे आधुनिक वाचकाला कंटाळवाणे वाटते. पण तो कंटाळा हीच त्या ग्रंथांची तटबंदी होती. वग्गाच्या शेवटी येणारे उद्दान पाहावे : तेथे प्रत्येक सुत्ताचा एकेक शब्द उचलून त्यांची गाथा गुंफलेली असते. एका शब्दाच्या खुंटीवर अख्खे सुत्त टांगलेले!

शब्द जपण्याचे काम भाणकांनी कथेवर सोपविले नाही, हे यावरून स्पष्ट होते. कथा प्रत्येकाने आपल्या शब्दांत सांगावी, अशीच व्यवस्था होती. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला : गाथा स्थिर राहिली आणि कथा वाढत गेली. छद्दन्त जातकाच्या गाथांत व्याध हत्तीचे सुळे कापतो. गद्यात मात्र व्याधाला ते जमत नाही, म्हणून बोधिसत्त्व स्वतःच सोंडेत करवत धरून आपले सुळे कापून देतो. त्यागाचा रंग गडद होत गेला. अजिंठ्याच्या दहाव्या आणि सतराव्या लेण्यांत ही कथा चितारलेली आहे, ती तेथे जाणाऱ्यांनी अवश्य पाहावी.

पण म्हणून कथा अनावश्यक होती असे समजणे चुकीचे होईल. एककनिपातातील कित्येक गाथा कथेवाचून कळतच नाहीत. कोण कोणाला उद्देशून बोलतो आहे, याचाच पत्ता लागत नाही. म्हणजे गाथेबरोबर कथा ठाऊक असणे गृहीतच होते. भरहुतचा पुरावा येथे मोलाचा आहे. कनिंगहॅम यांना १८७३ मध्ये सापडलेल्या या स्तूपाच्या कठड्यावर, इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकांतील, जातकांची शिल्पे असून त्यांखाली नावे कोरली आहेत. त्यांतील एका शिल्पाखाली जातकाचे नाव म्हणून चक्क त्याच्या गाथेचे आरंभीचे शब्द दिले आहेत. हे अट्ठकथेतील अण्डभूत जातक होय. (कथा स्त्रियांची निंदा करणारी आहे, आणि ती आम्ही धम्मवर्गात सांगणार नाही, पण तो वेगळा विषय.) गाथेचे दोन-तीन शब्द वाचताच उपासकाला सबंध कथा आठवावी, अशी ती योजना होती. गाथेने कथेची आठवण द्यावी आणि कथेने गाथेचा अर्थ उघडावा, असा हा परस्परसंबंध आहे.

विनयात तो अधिकच स्वच्छ दिसतो. राजगृहाच्या पहिल्या संगीतीत महाकस्सप उपालीला पहिल्या पाराजिकेविषयी जे विचारतात, त्यात केवळ नियम नसतो. वत्थु कोणते, निदान कोणते, व्यक्ती कोण, असे प्रश्न असतात. नियमामागची हकीकत सांगता आली पाहिजे, अशी अपेक्षा होती. सुदिन्न कलन्दपुत्ताची ती हकीकत, घराण्याच्या संपत्तीला वारस हवा म्हणून आईने धरलेला आग्रह, सुत्तविभंगात सविस्तर येते. परंतु दर उपोसथाला संघासमोर म्हटल्या जाणाऱ्या भिक्खुपातिमोक्खात २२७ नियम तेवढे आहेत, हकीकत एकही नाही. जे चुकता कामा नये ते सूत्ररूपाने, आणि जे समजले पाहिजे ते कथारूपाने, अशी ही कामाची वाटणी आहे.

आधुनिक मानसशास्त्राचे प्रयोगही याच दिशेने जातात. १९६९ साली बॉवर आणि क्लार्क या अमेरिकन संशोधकांनी विद्यार्थ्यांना असंबद्ध अशा दहा-दहा शब्दांच्या बारा याद्या दिल्या. ज्यांनी प्रत्येक यादीची स्वतः एक गोष्ट रचली, त्यांना नंतर सुमारे ९३ टक्के शब्द आठवले. नुसती घोकंपट्टी करणाऱ्यांना सुमारे १३ टक्के. कथेच्या पक्षाला याहून चांगला साक्षीदार मिळणे कठीण. पण त्याआधी, १९३२ मध्ये, केंब्रिजच्या बार्टलेट यांनी स्मरणावरील आपल्या ग्रंथात दुसरी बाजू मांडली होती. उत्तर अमेरिकेतील आदिवासींची एक कथा इंग्रज वाचकांना वाचावयास देऊन ती पुन्हा पुन्हा सांगावयास लावली, तेव्हा त्यांनी अपरिचित तपशील गाळले, न पटणारे सुसंगत करून घेतले आणि परक्या वस्तूंच्या जागी आपल्या ओळखीच्या वस्तू घातल्या. कथा लक्षात राहिली. मात्र ती ऐकणाऱ्याची झाली. पहिल्या प्रयोगात गोष्ट शब्दांसाठी रचली होती आणि मोजमाप शब्दांचे होते. दुसऱ्यात गोष्टच मोजली गेली. भाणकांना हा भेद या प्रयोगांवाचून ठाऊक होता, असे आम्हांस वाटते.

श्रोत्याची झालेली कथा मूळ वक्त्यालाच कशी झाकून टाकते, याचे उदाहरण किसा गोतमीचे. मृत बालकाला कडेवर घेऊन औषध मागत फिरणारी ही माता आणि ज्या घरी कोणी मेले नाही त्या घरची मोहरी आणण्यास तिला सांगणारे तथागत, हा प्रसंग माहीत नाही असा बौद्ध विरळा. हा प्रसंग येतो धम्मपदाच्या आणि थेरीगाथेच्या अट्ठकथांत. संयुत्तनिकायात मार तिला पुत्रशोकावरून डिवचतो, पण तेथे मोहरीचे नाव नाही. आणि थेरीगाथेत किसा गोतमीच्या नावावर ज्या अकरा गाथा आहेत, त्यांतही मोहरी नाही. मग तेथे काय आहे? कल्याणमित्रांची प्रशंसा आहे. आणि त्यानंतर स्त्रीजन्माचे दुःख आहे : सवतींचे दुःख, बाळंतपणाच्या वेदना, त्या असह्य होऊन गळा चिरून घेणाऱ्या व विष पिणाऱ्या स्त्रियांचा उल्लेख आहे. वाटेत मरून पडलेला पती आहे. माता, पिता आणि भाऊ यांची एकच चिता आहे. (हा शेवटचा तपशील अट्ठकथांत पटाचारेच्या चरित्राचा आहे, दोघींच्या कहाण्या फार पूर्वीच एकमेकींत मिसळल्या असाव्यात.) अडीच हजार वर्षांपूर्वीच्या स्त्रीच्या तोंडी असलेले इतके धारदार शब्द जगाच्या वाङ्मयात थोडे सापडतील. ते लोकांच्या स्मरणात राहिले नाहीत. राहिली ती तिच्याविषयीची गोष्ट.

तरीही मोहरीची कथा टाकाऊ आहे असे आम्ही म्हणणार नाही. तिच्यात एक गोष्ट अशी आहे की जी कोणत्याही गाथेत नाही. तथागत तिला मरणाच्या अटळतेवर प्रवचन देत नाहीत. ते तिला गावात पाठवितात. ती एकेक दार ठोठावते, विचारते, उत्तर ऐकते आणि निष्कर्ष तिचा तीच काढते. स्वतः पडताळून पाहा, ही तथागतांची शिकविण्याची रीत या कथेने जेवढी जिवंत ठेवली, तेवढी क्वचितच दुसऱ्या कशाने ठेवली असेल. पण आज ती ज्या प्रकारे सांगितली जाते, त्यात हेच गळून जाते. 'सगळ्यांनाच मरण आहे, मग रडायचे कशाला' एवढाच बोध उरतो. तो सांगण्यासाठी बुद्धाची आवश्यकता नव्हती. गावातला कोणताही वृद्ध ते सांगतो.

कथेचे सामर्थ्य आणि तिचा धोका सर्वांत मोठ्या प्रमाणावर प्रकट झाला तो चार दृश्यांच्या कथेत. अंगुत्तरनिकायात तथागत आपल्या तारुण्यातील चिंतन सांगतात : आपणही जरेच्या, व्याधीच्या, मरणाच्या अधीन असताना दुसऱ्याला पाहून किळस करावी, हे योग्य नव्हे. येथे रथ नाही, सारथी नाही. अरियपरियेसन सुत्तात तर आईवडील अश्रू ढाळीत असताना गृहत्याग केल्याचे सरळ निवेदन आहे. रथातून उद्यानात जाताना म्हातारा, रोगी, प्रेत आणि प्रव्रजित दिसल्याची कथा सुत्तपिटकात येते ती दीघनिकायाच्या महापदान सुत्तात, आणि तीही विपस्सी बुद्धाची म्हणून. धर्मानंद कोसंबी यांनी 'भगवान बुद्ध' या ग्रंथात हे मराठी वाचकांसमोर स्पष्टपणे ठेवले. पुढे जातकट्ठकथेच्या निदानकथेत हीच कथा सिद्धार्थाच्या चरित्रात स्थिरावली. तेथे एक मार्मिक टीप आहे : दीघभाणकांच्या मते ही चारही दृश्ये एकाच दिवशी दिसली. म्हणजे भाणकांतही कथेविषयी एकमत नव्हते, आणि अट्ठकथाकाराने मतभेद प्रामाणिकपणे नोंदवून ठेवला. एका चिंतनाचे दृश्य झाले. दृश्य अविस्मरणीय होते म्हणून आशिया खंडभर पसरले. आणि मूळ चिंतन मागे पडले.

बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'दि बुद्ध अँड हिज धम्म' या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पहिलाच प्रश्न उपस्थित केला तो याविषयी. एकोणतीस वर्षांच्या पुरुषाने तोपर्यंत म्हातारा, रोगी वा प्रेत पाहिलेच नव्हते, हे बुद्धीला पटणारे नाही, असा त्यांचा आक्षेप आहे. या आक्षेपाची चर्चा पुष्कळ झाली आहे. आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते त्यांच्या पद्धतीकडे. केवळ खंडन करून ते थांबले असते, तर आक्षेप विद्वानांत राहिला असता आणि लोकांत रथच धावत राहिला असता. बाबासाहेबांनी कथेच्या जागी कथा दिली. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात कलह, शाक्यसंघाची सभा, युद्धाचा ठराव, त्याला सिद्धार्थाचा विरोध, सेनापतीची धमकी आणि त्यातून स्वीकारलेली परिव्रज्या. अट्ठकथांत रोहिणीचा कलह येतो तो संबोधीनंतरचा, तथागतांनी मिटविलेला म्हणून. परंतु परस्परांशी झगडणारी प्रजा पाहून भय व संवेग उत्पन्न झाल्याचे सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्तात आहे, आणि कोसंबींनीही गृहत्यागाचे कारण शोधताना त्याचाच आधार घेतला होता. प्रश्न प्रस्तावनेत आणि उत्तर कथेत, अशी बाबासाहेबांच्या ग्रंथाची योजना आहे. समाजाचे स्मरण कशाने घडते, याची त्यांना पुरी जाण होती.

आता गद्य कथेच्या बाजूने एक गोष्ट सांगणे आवश्यक आहे, कारण 'गाथा तेवढी प्रमाण, गद्य उत्तरकालीन' असे म्हणून हात झटकण्याची सवय आम्हां पालिच्या अभ्यासकांना आहे. चित्तसम्भूत जातक (क्रमांक ४९८) पाहावे. त्याच्या गाथांत दोघे भाऊ पूर्वी अवन्तीत चाण्डाल होते, एवढाच निर्देश आहे. बाकी सर्व गद्यात. उज्जेनीच्या वेशीवर आपली कला दाखविणाऱ्या या दोन चाण्डाल तरुणांना पाहून श्रेष्ठी आणि पुरोहित यांच्या कन्या डोळे धुतात व परत फिरतात. मेजवानी हुकली म्हणून चिडलेले लोक त्या दोघांना बेदम मारतात. मग ते जात लपवून तक्षशिलेला शिकावयास जातात. एका भोजनप्रसंगी कढत खिरीने सम्भूताचे तोंड पोळते आणि नकळत तो आपल्या जातीच्या बोलीत बोलून जातो. चित्तही त्याच बोलीत उत्तर देतो. ही कोणती भाषा, असे सहाध्यायी विचारतात. जात उघडी पडते आणि दोघांना मारून हाकलून देण्यात येते.

ही कथा इतिहास आहे असे आमचे म्हणणे नाही. पण शिकण्यासाठी जात लपविणे आणि जिभेने ती उघडी करणे, हा अनुभव ज्याला ठाऊक होता अशाच कोणीतरी हा तपशील कथेत घातला असला पाहिजे. छंदाने तो जपला नाही, संख्येने जपला नाही. जपला तो कथेने. आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीतील वाचकाला तो समजावून सांगावा लागला नसता. आणि हेच जातक पुढे कर्मविपाकाच्या उपदेशाकडे वळते. मार खाणाऱ्यांचा प्रश्न पूर्वजन्माच्या हिशेबात विरून जातो. स्मरण एका ठिकाणी आणि बोध भलत्याच ठिकाणी, असा प्रकार येथे झाला आहे. धम्मवर्गात हे जातक सांगावे. परंतु त्याचा शेवट अट्ठकथेवर सोडू नये.

मग शेवट कोणावर सोडावा? मातंगाच्या कथेत त्याचे उत्तर मिळते. मातंग जातकात (क्रमांक ४९७) तोच अपमान, तोच मार आहे. शिवाय ऋद्धीचे चमत्कार आहेत आणि अखेरीस एका राज्याचा विध्वंस आहे. ऐकणाऱ्याला चमत्कार आठवतात. सुत्तनिपाताच्या वसलसुत्तात हाच मातंग अवघ्या तीन गाथांत येतो. चाण्डालपुत्र असूनही त्याने श्रेष्ठ यश मिळविले, क्षत्रिय आणि ब्राह्मण त्याच्या सेवेस आले, ब्रह्मलोकाच्या मार्गात जन्म आडवा आला नाही, संपले. या तीन गाथांची प्रस्तावना करताना तथागतांनी वापरलेला शब्द आहे 'निदस्सन', म्हणजे दाखला. कथा येथे मनोरंजनाची सामग्री नाही. ती एका विधानाची साक्ष आहे. ते विधान, जन्माने कोणी वसल होत नाही आणि जन्माने कोणी ब्राह्मण होत नाही, मातंगाच्या आधी एका गाथेत येते. मग मातंग, त्यामागून वेदपाठी कुळांत जन्मूनही पापकर्म करणाऱ्यांचा दोन गाथांत उल्लेख. आणि त्यानंतर तीच गाथा पुन्हा येते.

हे सुत्त ज्याला सांगितले तो अग्गिक भारद्वाज ब्राह्मण तथागतांना दारात येताना पाहून, वसला, तेथेच थांब, असे ओरडला होता. त्याच दारात हे सुत्त ऐकून त्याने उपासकत्व मागितले.